गवताचं छप्पर

२८ जानेवारी

बारके,

तुझी चिठ्ठी मिळाली. दोन महिने फोन बंद लागतोय, तेव्हा मी धरून चाललो होतो की मेहुणेबुवांनी तो एखाद्या विहिरीत टाकला असणार. लिहून कळवलंस ते बरं केलंस. अक्षर काही सुधारलं नाही तुझं. प्रत्येक ओळ अजून टेकडी चढत जाते.

पैसे मागितलेस. किती ते लिहिलंस, कशाला ते नाही. वर आणखी, "दादा, विचारू नकोस, पण महिना संपायच्या आत पाठव." बाई गं, मी पंचवीस वर्षं पत्रा कापून पेट्या आणि बादल्या विकतोय. "विचारू नका" म्हणणारं गिऱ्हाईक दुकानात शिरलं की मी आधी गल्ल्याला कुलूप लावतो आणि मग त्याला बसायला स्टूल देतो.

राग येईल तुला, पण बोलतो. मी तुला शिलाई मशीन दिलं होतं. ते कुठं आहे? मेहुणेबुवांच्या घशाखाली. त्याच्या आधी दोन शेळ्या दिल्या होत्या, त्याही तिकडेच गेल्या. तुझ्यावर माझा पूर्ण भरवसा आहे. तुझ्या घरात शिरलेल्या रोख पैशावर नाही. म्हणून रोख पाठवत नाही. जे पिता येत नाही असं पाठवतोय.

बारा पन्हळी पत्रे ट्रकवाल्या काकांच्या गाडीत चढवलेत. चांगले जाड आहेत, नवे. मागच्या पावसाळ्यात तुझ्याकडे मुक्काम केला तेव्हा तू गळतीखाली सात भांडी मांडली होतीस आणि त्या सातांच्या मधून मी प्रश्नचिन्हासारखा वाकडा होऊन झोपलो होतो. माझी पाठ ते अजून विसरलेली नाही. आता ते गवत उतरवा.

बसवताना लक्ष ठेव. भोक पन्हळीच्या उंचवट्यावर पाडायचं, खोलगटात नाही, पाणी खोलगटातून वाहतं. एका पत्र्यावर दुसरा दीड पन्हळ चढवायचा. बोल्टाखाली मी दिलेला वायसर घालायचा, मेहुणेबुवा म्हणतील "कशाला", तरी घालायचा.

खारुताईला पापी. बारावं लागलं ना तिला? म्हणावं, मामाला चार ओळी लिही. आणि पत्रा तापला की त्यावर चढू नकोस, गवतासारखं नसतं ते.

तुझा दादा

*

१९ फेब्रुवारी

दादा,

पत्रे चार तारखेला पोचले. बाराच्या बारा. एकाचा कोपरा दुमडला होता, तो ह्यांनी ठोकून सरळ केला. तुझी चिठ्ठीही मिळाली.

बसवलेत. ह्यांनी काठी वर फेकली आणि मागून स्वतः चढले. शेजारणीचा नवरा खालून धरायला होता. वायसर घातले. भोकं उंचवट्यावर पाडली. तू सांगितलंस तसं सगळं केलं.

ह्यांचा पाय दुखावलाय, ते लिहायचं राहिलं. ऑक्टोबरात विहिरीत उतरताना दोर सरकला. आता बरा आहे, वाकडा आहे एवढंच. विहिरीत उतरता येत नाही. मी चटया विणते, चाललंय.

गावात आता मला पत्र्याची मालकीण म्हणतात. शेजारीण म्हणाली, "तुझ्या घराकडे बघायला आता काळा चष्मा लागतो." दुपारी आत बसवत नाही, भट्टी होते. पण गळणार नाही हे खरं. तू एवढा खर्च केलास, तुझे उपकार आहेत.

पोर बरी आहे. इथं नाही सध्या, नणंदेकडे गेलीय गावाला. तिथली शाळा मोठी आहे. पत्रे यायच्या तीन दिवस आधी गेली, नाहीतर नाचली असती.

फोन बिघडलाय. एवढ्यात दुरुस्त होईल असं वाटत नाही.

बारकी

*

६ मार्च

बारके,

उपकार हा शब्द पुन्हा लिहिलास तर पत्रे परत मागवीन.

पायाचं आधी का नाही कळवलंस? अर्थात विहीर खणणारा माणूस विहिरीत पडला तर ती बातमी काय द्यायची, असं तुला वाटलं असेल. मेहुणेबुवांना म्हणावं, पत्र्यावर चढताना तोल गेला नाही म्हणजे शुद्धीत होते, हे मी ध्यानात घेतलंय.

खारुताई मोठ्या शाळेत गेली हे वाचून मी दुकानात तीन माणसांना चहा पाजला. त्यातला एक उधारीवाला होता, त्यालाही. नणंदेनं हे एक चांगलं काम केलं. तुमच्या गावच्या शाळेत मास्तरपेक्षा शेळ्या जास्त वेळ बसतात.

काकांच्या हाती एक पेटी पाठवतोय, तिच्या वह्यांसाठी. मी स्वतः केलीय, सगळ्या कडा दुमडून घेतल्यात, हात कापणार नाही. निळा रंग दिलाय आणि झाकणावर खार काढलीय. शेजारचा रंगारी म्हणाला, "हा उंदीर झकास जमलाय." शेपूट आणखी जाड केली, तेव्हा म्हणाला, "आता मांजर." तू तिला सांग, ही खार आहे.

नणंदेच्या घरी पोचती कर. आणि तिची चिठ्ठी येऊ दे. दोन ओळींची चालेल.

दादा

*

२ एप्रिल

दादा,

पेटी तिला पोचवली. खार आहे हे सांगावं लागायच्या आत तिनं ओळखलं.

आता एक महत्त्वाचं लिहिते, ते सावकाश वाच.

गेल्या महिन्यात गावात चार जण आले. कुठल्याशा संस्थेचे. गळ्यात पट्टी, हातात पाटीएवढा फोन. त्यांच्यातली एक पोरगी दारोदार फिरली, घराचा फोटो काढला, घरात किती माणसं ते विचारलं आणि गेली. आम्हाला वाटलं, नेहमीसारखं मोजून जातील. पण पंधरा दिवसांनी गावातल्या चाळीस घरांच्या खात्यात पैसे आले. थेट. मधे कोणी नाही, सही-शिफारस नाही. एका घराला एवढे, की आम्ही दोघं मिळून वर्षभरात तेवढे बघत नाही. अर्धे आत्ता, अर्धे जूनमध्ये. परत द्यायचे नाहीत. कशाला वापरले ते कोणी विचारणार नाही. लोकांना खरंच वाटेना. शेजारीण तीनदा पोस्टात जाऊन आली, पैसे आहेत ना तेवढं बघायला. काढले नाहीत, नुसतं बघून आली.

आता बघ, तिनं डोळ्याचं ऑपरेशन ठरवलंय. तिच्या पलीकडच्यांनी गहाण पडलेला बैल सोडवला. दोन घरी पोरांच्या पायात चपला आल्या. काल एका घरात सकाळीही चूल पेटली आणि संध्याकाळीही, तर लोक धूर बघत उभे होते.

आम्हाला नाही मिळाले.

ज्याच्या घरावर गवत, त्याला पैसे, असं त्यांचं माप आहे. ज्याच्या घरावर पत्रा, तो सुखी. आमच्या घराचा फोटो घेतला तेव्हा पत्रे असे चमकत होते की त्या पोरीनं डोळ्यांवर हात धरला.

ते पुन्हा तपासणीला येणार आहेत. दादा, तू एक कागद लिहून दे. की पत्रे तुझे आहेत, तू पाठवलेत, आम्ही घेतलेले नाहीत. किंवा आम्ही पत्रे उतरवून ठेवू का? तू सांग. पण लवकर सांग. मला ते पैसे हवेच आहेत.

बारकी

*

१२ एप्रिल

बारके,

हवेच आहेत. कशाला, ते याही वेळी नाही. तू चिठ्ठी लिहितेस आणि मधलं पान घरी ठेवतेस.

हे बघ, असले पैसे मी पाहिलेत. आमच्या गल्लीत एकाला वडिलांचे मिळाले होते, असेच एकदम. सहा महिने तो शेठ होता, सातव्या महिन्यात माझ्याकडे बादली उधार मागायला आला. फुकटचा पैसा हाताला चिकटत नाही. तुमच्या गावातल्या चाळीस घरांपैकी किती घरांत दिवाळखोरी येते ते तू जूनपर्यंत बघच. बैल सोडवला म्हणतेस, दारूचं दुकान किती वाढलं ते लिहिलं नाहीस.

आणि पत्रे उतरवायचे? मी भर उन्हात उभं राहून एकेक पत्रा वाजवून घेतलाय. ते गवत खरं आणि माझे पत्रे खोटे, असं म्हणणाऱ्या माणसांपुढे तू हात पसरणार? मी लिहून देतो की पत्रे माझे आहेत, तर ते म्हणतील, असा भाऊ असलेल्या बाईला आमची काय गरज. आणि खरंच सांगतो, मीही तेच म्हणेन. तुझ्या डोक्यावर छप्पर आहे, पोर मोठ्या शाळेत आहे, नवरा पडूनही उभा आहे. जरा समाधानानं राहा.

मेहुणेबुवांनी तुला हे सुचवलं असेल तर त्यांना माझा नमस्कार सांग, लांबूनच.

खारुताईची चिठ्ठी नाही आली. शाळा मोठी असेल, पण मामा लहान झालाय का?

दादा

*

३० एप्रिल

दादा,

तुझ्या चिठ्ठीची वाट मी पाहिली नाही. तपासणी अकरा तारखेला होती. नऊला आम्ही पत्रे उतरवले. हे काठीवर भार टाकून वर, मी खाली. गोठ्यातलं जुनं गवत काढून दोन दिवसांत घर शाकारलं. कुजलेलं होतं, वास मारत होतं, पण गवत होतं.

ती फोनवाली पोरगी आली. वर बघितलं, मग हातातल्या पाटीत बघितलं. मग पाटी माझ्यासमोर धरली. आमचंच घर, वर तुझे पत्रे, आणि दारात मी. हसतेय. फोटो काढतात म्हणून हसले होते. ती वाईट नव्हती. म्हणाली, "मावशी, तुम्ही आधीच सांगितलं असतंत ना, की पत्रे भावानं दिलेत आणि घरात कमावणारं कोणी नाही, तर मी तसं लिहून घेतलं असतं. तक्रारीचा कागद असतो. आता मला लिहावं लागणार की पैशासाठी छप्पर बदललं." आणि तिनं लिहिलं. आमचं नाव कायमचं गेलं.

आता गावात कोणी बोलत नाही. आमच्यामुळे सगळ्यांचा दुसरा हप्ता अडकणार, अशी बोली आहे. पाण्यावर गेले की बायका घागरी उचलून बाजूला होतात. पत्रे अंगणात एकावर एक पडलेत.

तू विचारत होतास, कशाला. मधलं पान हे घे.

ह्यांचा पाय मोडला तेव्हा दवाखान्यात घरातलं सगळं गेलं. फोन बिघडला नाही, विकला. तरी पुरेना. तेव्हा तालुक्याच्या गावातल्या एका घरातून उचल घेतली. मालक बँकेत आहेत, बायकोला तान्हं बाळ. वर्षभर पोरीनं तिथं राहून बाळ आणि घरकाम बघायचं, त्या बोलीवर. पैसे जानेवारी संपायच्या आत परत दिले तर पोर द्यायची नाही, असं मी पदर पसरून कबूल करून घेतलं होतं. तेवढेच मी तुझ्याकडे मागितले होते. एक नोट जास्त नाही. कशाला ते कोणत्या तोंडानं लिहिणार होते? की तुझी खारुताई गहाण टाकलीय?

एकतीस तारखेपर्यंत ती रोज रस्त्यावर जाऊन ट्रक बघायची. पहिल्या तारखेला तिला नेऊन घातलं. चौथ्या दिवशी तुझे पत्रे आले.

नणंद नाही, शाळा नाही. तुझी पेटी घेऊन मी गेले होते. मालकीण म्हणाली, "छान आहे, बाळाच्या दुपट्यांना होईल," आणि घेऊन आत गेली. पोरीची बोटं साबणानं पांढरी पडून सोललीत. मला आई म्हणायच्या आधी तिनं मागं वळून कोणी आहे का ते पाहिलं.

आणखी एक. हे दोन वर्षं पीत नाहीत. थेंब नाही. शिलाई मशीन विकलं त्याचं त्यांना एवढं लागलं की तेव्हापासून सोडली. तू कधी विचारलं नाहीस, आणि तुझे टोमणे मी त्यांना वाचून दाखवायची ते ते मुकाट ऐकून घ्यायचे. परवापासून वाचून दाखवत नाही.

मालकांची जूनमध्ये बदली आहे, तुझ्याच शहरात. पोरीलाही नेणार. गेली की मला ती दिसायची नाही. त्या पैशात ती सुटली असती, दादा. गवत असतं तर सुटली असती.

बारकी

*

८ मे

बारके,

चिठ्ठी वाचली. दुकान बंद केलं, पुन्हा वाचली. आज गंमत सुचत नाही, मोजकंच लिहितो.

काकांच्या हाती रोख पाठवतोय. तू मागितलेले पूर्ण नाहीत, निम्म्याहून थोडे जास्त आहेत. मोठी कात्री विकली. तिचं तू वाईट वाटून घेऊ नकोस, लहान कात्रीनं भागतं, वेळ जास्त लागतो एवढंच.

बाकीचे तुझ्या अंगणात पडलेत. जरा विचार कर. चाळीस घरांवर गवत आहे आणि त्या चाळीस घरांत आता पैसे आहेत. पावसाला महिना उरलाय. त्या माणसांना आता काय हवं असेल? पत्रा. आणि शहरातून आणायचा तर पत्र्याच्या निम्मं भाडं पडतं. तुझे पत्रे तिथंच आहेत. भोकं पडलीत म्हणून कोणी भाव पाडला तर सांग, डांबराची गोळी लावली की झालं. डबाभर डांबर पाठवलंय. मेहुण्यांना पत्रा बसवता येतो, हे गावानं पाहिलंय. पुढचे पत्रे कोणाला हवे असतील तर मी इथून घाऊक भावात धाडतो, बसवायची मजुरी त्यांची.

बोलत नाहीत ती माणसं, असं लिहिलंस. तू जाऊ नकोस त्यांच्याकडे. पत्रे रस्त्यावरून दिसतील असे उभे करून ठेव.

हे पैसे कशात घालतेस ते मला कळवायचं नाही. मी विचारणार नाही. मेहुण्यांना मी स्वतः भेटून बोलेन, चिठ्ठीत बोलायचं ते नाही.

दादा

*

२१ मे

दादा,

पत्रे उभे केले. चार दिवस सगळे मान वळवून बघून जायचे, थांबायचे नाहीत. मग संस्थेची माणसं येऊन सांगून गेली की बाकी कोणाचं काही अडकलेलं नाही, दुसरा हप्ता वेळेवर येणार. त्याच दुपारी शेजारीण आली. एका डोळ्याला पट्टी. पत्र्यांभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाली, "मालकीणबाई, या भोकांचे वेगळे पैसे घेणार का?" मी रडायच्या बेतात होते, त्याऐवजी हसलेच. तिनं आठ घेतले, पलीकडच्यांनी चार. नव्याच्या भावानं. ह्यांनी दोन्ही घरं करून दिली. आणखी पाच घरं विचारून गेलीत. हे दिवसभर वर असतात, वाकडा पाय वाशावर अडकवून बसतात, म्हणतात खाली उतरायच्या धंद्यापेक्षा हा बरा. तुझी शेवटची चिठ्ठी मी त्यांना वाचून दाखवली. ऐकून झाल्यावर उठले आणि डांबराचा डबा झाकून ठेवला, नीट.

आमच्या घरावर कुजकं गवत आहे. राहू दे.

तुझे आणि पत्र्यांचे मिळून पैसे पुरले. काल मी ते पदराला बांधून गेले. दाराला कुलूप. समोरच्या दुकानदारानं सांगितलं, साहेबांना लवकर हजर व्हायचं होतं, गेल्या सोमवारी सामान गेलं. मी विचारलं, पोरगी? तो म्हणाला, "सामानाच्या टेम्पोत मागं बसली होती, पेट्यांवर."

आठ दिवस आधी आले असते तर. पण आठ दिवसांपूर्वी पत्रे अंगणातच होते.

पत्ता मिळवलाय, सोबत आहे. पैसे काकांजवळ रुमालात बांधून देतेय. मी येत नाही, मला ओळखतात, दार उघडायचे नाहीत. तू शर्टाच्या खिशाला पेन लावून जा. तसा तू कोणीतरी माणूस दिसतोस.

मोजून घे, दादा. तू म्हणालास विचारणार नाही. पण आता विचार. त्या बाईला प्रत्येक नोट कशाची ते विचारून दे.

बारकी

*

२७ मे

बारके,

काल गेलो. पेन लावून गेलो.

चौथा मजला. घंटी दाबली. दार साखळीएवढं उघडलं आणि फटीत ती. केस कापलेत. मी म्हटलं, "खारुताई." ती बघत राहिली, जसं ते नाव मी दुसऱ्याच कोणाचं घेतलं. मग म्हणाली, "मॅडम घरी नाहीत. निरोप असेल तर सांगा." मी म्हटलं, अगं मामा. तिनं मागं वळून पाहिलं, आणि दार लावून घेतलं. आत बाळ रडत होतं.

मी जिन्यात बसलो. दोन तास. येणारे-जाणारे मला ओलांडून जात होते.

बाई आल्या. बोलायला गोड. म्हणाल्या, उचल तर आहेच, शिवाय टेम्पोचं भाडं, दोन फ्रॉक, आणि बाळाला तिची सवय झालीय, दुसरी मिळेपर्यंत थांबायला हवं. मी आयुष्यभर घासाघीस केलीय, तुला माहीत आहे, खिळ्यासाठीसुद्धा. तू म्हणालीस तसं विचारायला सुरुवात केली. फ्रॉक कितीचे? चार महिने काम केलं त्याचं काय लावता? बाईंनी चार महिन्यांचं काढलं, त्यातून जेवण वजा केलं. त्यांच्याकडे कॅल्क्युलेटर होता. तेवढ्यात पोर बाळाला कडेवर घेऊन दारात उभी राहिली आणि ऐकू लागली, आपली किंमत वर-खाली होताना. मग मी थांबलो. रुमालाची गाठ सोडून सगळे पैसे टेबलावर ठेवले. मोजून न घेता म्हटलं, तिला चपला घालू द्या.

बाईंनी मोजले. वरच्या पाच नोटा परत केल्या, "जास्त होतायत" म्हणाल्या. तेवढ्या प्रामाणिक आहेत.

पेटी मागितली. तिच्यात दुपटी होती. राहू दे म्हटलं.

ती आत्ता दुकानात आहे, मागच्या खोलीत. पहाटे उठून माझी सगळी भांडी घासली, घासून झाली तर तीच पुन्हा घासली. मी म्हटलं बस गं. बसली, पण उठायच्या तयारीत बसली.

सकाळी एकच बोलली. "मामा, तू पैसे पाठवले होतेस का? आई म्हणायची, येतील. मी ट्रक बघायची."

मी पत्रा कापत होतो. हातातली लहान कात्री खाली ठेवली. म्हटलं, "नाही. मी पत्रे पाठवले होते."

"बरं," म्हणाली.

पुढच्या आठवड्यात तिला घेऊन येतोय. मेहुण्यांशीही बोलायचंय, ते घरी असू देत.

त्या पाच नोटा मी तिच्या हातात दिल्या. तिनं त्या नीट सरळ केल्या, उभी राहिली, चपला शोधल्या आणि विचारलं, "काय आणायचं?"

मी म्हटलं, काही आणायचं नाही. तुझे आहेत.

ती तशीच दारात उभी राहिली, नोटा मुठीत धरून. मी काय आणायचं ते सांगेन, याची वाट बघत. अजून उभी आहे.

दादा